नार्तेकाकांचा आक्रातला आठवडा

पाहुणा आला की त्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, पाणी संपलं की घरची खुशाली सांगायची, आणि मगच विचारायचं की काय काम काढलंत. हा क्रम आमच्याकडे कुणी मोडत नाही. पाहुण्याच्या धोतराला आग लागली असली तरी आधी पाणी, मग चौकशी.

तेये कबुतेनेही तो मोडला नाही. रविवारी भर दुपारी त्याचे थोरले काका नार्ते, आडा शहराच्याही पलीकडच्या गावाहून दोन गाड्या बदलून आले. अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत टेकले आणि दोन पेले पाणी प्यायले. मग तेयेने रीतसर विचारलं, "इकडे सगळं ठीक आहे काका. आपलं येणं कशासाठी?"

"मला माझी शवपेटी करून घ्यायचीय," काका म्हणाले. "शनिवारी परत जायचंय. त्याच्या आत झाली पाहिजे."

तेयेची बायको आयेले तिसरा पेला घेऊन येत होती, ती तिथेच थांबली. "काका, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय? पण त्या ओकान्सेने करून घेतलीय. भल्या मोठ्या होडीच्या आकाराची. निळा रंग, पांढरे पट्टे, वर वल्हीसुद्धा. ओसरीवर ठेवतो आणि येईल त्याला दाखवतो. मागच्या महिन्यात मला म्हणाला, नार्ते, तुला कशात घालणार? गोणपाटात?"

आता कुणी म्हणेल, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एवढी ईर्ष्या बरी नाही. पण ओकान्से आणि काका यांचं वैर पंचावन्न वर्षांचं होतं, आणि ज्या डुकरांवरून ते सुरू झालं ती केव्हाच खाऊन संपली होती. इतकं जुनं वैर एका होडीपायी हरायचं हे काकांना परवडणारं नव्हतं. त्यासाठी त्यांनी आपली प्रतिज्ञासुद्धा मोडली. आक्रात पिण्याच्या पाण्याला पैसे पडतात हे कळल्या दिवशी त्यांनी या शहरात पाय न टाकण्याची शपथ घेतली होती आणि जन्मभर पाळली होती.

तेये हे सगळं ऐकत होता, पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. ते कुठे होतं हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

काकांचा फोन आला होता शुक्रवारी. "रविवारी येतो. आठवडाभर सुट्टी काढ. कारण आल्यावर सांगेन." तेये एका सरकारी कार्यालयात कारकुनांचा प्रमुख होता आणि तो आठवडा वर्षाअखेरच्या फायलींचा होता. त्या आठवड्यात रजा मागणाऱ्याकडे त्याच्या साहेबीण, मॅडम ओडुरो, चष्म्याच्या वरून नुसत्या बघत, आणि माणूस आपण होऊन परत जाऊन बसे. लग्नाला रजा नाही, आजाराला नाही, बाळंतपणाला असली तरी ती तेयेच्या कामाची नव्हती. फक्त मयताला नाही म्हणण्याची छाती आमच्या देशात कुठल्याच साहेबाला होत नाही.

"मॅडम," तेये म्हणाला होता, "माझे थोरले काका काल वारले."

मॅडमनी पेन खाली ठेवलं, उभ्या राहिल्या, त्याचा हात हातात घेतला आणि पाच दिवसांची रजा दिली. तेये खूश होऊन घरी आला. खोटं बोलणारा माणूस पुढचं सगळं विचारात घेतो, एवढी एकच गोष्ट सोडून.

सोमवारी सकाळी दोघं तेशी गावाच्या रस्त्यावर आजेते नावाच्या शवपेटीवाल्या मिस्त्रींच्या दुकानी गेले. बाहेर पडताना तेयेने काळा शर्ट घातला आणि मनगटाला लाल फीत बांधली. ऑफिसचं कुणी रस्त्यात भेटलं तर दुखवटा दिसायला हवा.

"हे काय घातलंस उन्हाचं?" काकांनी विचारलं.

"फॅशन आहे काका."

मिस्त्रींच्या दुकानातल्या पेट्या माणसाच्या धंद्याच्या आकाराच्या: कोळ्यासाठी मासा तयार होता, कोकोवाल्यासाठी कोकोची शेंग, पाद्रीबुवांसाठी बायबल, आणि कुणा हौशी माणसासाठी बिअरची बाटली. काकांनी सगळ्यांवर टकटक करून लाकूड तपासलं. मिस्त्री कानावरची पेन्सिल काढून म्हणाले, "बोला आजोबा, जन्मभर काय काम केलंत? त्यावरून आकार ठरवू."

"मीठ गोळा केलं. टोमॅटो लावले. डुकरं पाळली, मग सोडली. चार वर्षं चर्चची घंटा वाजवली. मध्यंतरी पायमशीन घेऊन शिवणकाम केलं, पण पँटचे दोन पाय माझ्याकडून सारखे व्हायचे नाहीत."

"यातलं सगळ्यात छान काय जमलं?"

काकांनी शेजारच्या माशाच्या शेपटीवरून बोट फिरवलं. "छान असं," ते म्हणाले, "काहीच जमलं नाही."

तेयेला एकदम वाईट वाटलं. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण सुचलं नाही, आणि तोंड उघडं तसंच राहिलं.

मिस्त्री अनुभवी होते. "मग शहर बघा. एखादी वस्तू मनात भरेल, ती करू. पण लवकर सांगा. गाडीला दोन आठवडे लागतात, विमानाला तीन. आणि नेताना कागद बरोबर ठेवा. मागे एकाने रिकामा मासा गावाकडे नेला, तर नाक्यावर पोलिसांनी अर्धा दिवस बसवून ठेवला. म्हणे, पेटी आहे तर मढं कुठंय? दफनाचा परवाना कुठंय?"

"मढं पुढच्या सीटवर बसलंय म्हणून सांगीन," काका म्हणाले.

परतताना काकांना ट्रोट्रोत, म्हणजे इथल्या मिनीबसमध्ये, ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली आणि तिथून त्यांचं डोकं फिरलं ते बुधवारपर्यंत जागेवर आलं नाही. मागच्या दारात लोंबकळणारा कंडक्टर सर्कल चौकाच्या उतारूंसाठी "सर्क, सर्क, सर्क!" ओरडत होता. काकांनी दोन चौक ते ऐकून घेतलं, मग पुढच्या खिडकीतून तेही ओरडू लागले. घंटा वाजवणाऱ्या माणसाचा आवाज तो. सहा उतारू जास्तीचे चढले. ड्रायव्हरने काकांचं भाडं घेतलं नाही. ट्रोट्रोच्या मागे 'शत्रूंनो, तुम्हीही जेवा' असं लिहिलेलं होतं, ते काकांनी वाचून घेतलं आणि जाहीर केलं, "ठरलं. ट्रोट्रो. आणि मागे हेच लिहायचं. ओकान्सेला लागू पडतं."

मंगळवारी ट्रोट्रो बारगळला, कारण काकांनी सर्कलचा उड्डाणपूल पाहिला. एकावर एक तीन रस्ते. अर्धा तास ते मान वर करून उभे राहिले. "असली पेटी पाहिजे. तीन मजली. वर मी."

"आणि खालच्या मजल्यांवर?"

"रिकामे ठेवायचे. कुणी आलंच तर."

दुपारी विमानतळाच्या कुंपणाशी उभे असताना डोक्यावरून विमान गेलं, काकांची टोपी उडाली आणि उड्डाणपूलही गेला. घरी येईपर्यंत विमानाच्या खिडक्या किती ठेवायच्या यावर दोघांचं भांडण झालं होतं, आणि विमानाला तीन आठवडे लागतात हे दोघंही विसरले होते.

अंगणात याची चर्चा होणारच. आमच्या शहरात एका अंगणाभोवती दहा-बारा बिऱ्हाडं असतात आणि एकाचा प्रश्न हा सगळ्यांचा प्रश्न असतो. समोरच्या शिंप्याचं म्हणणं, मोबाईल करा, आजकाल माणसाची ओळख तीच. घरमालकीण आंटी लामिले मात्र कमरेवर हात ठेवून आल्या.

"तेये, विमान काय, आगगाडी काय, माझ्या अंगणात ती पेटी यायची नाही. रिकामी पेटी घरात आली की माणूस मागते. आणि या घरात वयाने सगळ्यात मोठी मी आहे."

"तुम्ही कुठल्या मोठ्या?" काका म्हणाले. "मी तुम्हाला मुलगी समजत होतो तेयेची."

आंटी लामिले कमरेवरचे हात काढून निघून गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्याकडून बशीभर तळलेली केळी आली, मिरची लावून. पेटीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

बुधवारी माकोला बाजार. गावाकडे वाटेत भेटेल त्याला नमस्कार करायची पद्धत. काकांनी ती माकोलातही चालू ठेवली, त्यामुळे चाळीस पावलं जायला दोन तास लागले. पण गंमत अशी की बाजारातल्या बायकांनी प्रत्येक नमस्काराला उत्तर दिलं. कुणी स्टूल दिलं, कुणी संत्र सोलून दिलं. तेये काळ्या शर्टात घामाने निथळत मागे उभा होता. तीन दिवस तोच शर्ट. आदल्या रात्री काकांनी आयेलेला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मुली, याला दुसरे कपडे नाहीत का? लाजू नकोस, सांग."

तेवढ्यात टोमॅटोच्या टोपल्यांमागून आवाज आला, "अरे कबुते!" ऑफिसातला देबरा. या माणसाने आजवर एकही मयत चुकवलेलं नव्हतं. त्याने तेयेला छातीशी धरलं. "सांभाळ बाबा स्वतःला. उद्या आम्ही सगळे येतोय."

"उद्या? कशाला?"

"कशाला म्हणजे? काका मागच्या गुरुवारी गेले ना? मग उद्या आठवा दिवस नाही का? मॅडमनी बस ठरवलीय. तीस जण आहोत."

माणूस गेला की आठव्या दिवशी सगळ्यांनी दुखवट्याला जमायचं, आणि अंत्यविधीची तारीख जाहीर करायची. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. तेये स्वतः पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या आठव्या दिवसांना ऑफिसच्या बसने जात आला होता आणि सगळ्यात पुढची खिडकी पकडत आला होता. खोटं बोलताना तेवढंच नेमकं विसरला.

"आणि हे?" देबराने काकांकडे पाहिलं.

"हे... हे त्यांचे मोठे भाऊ."

देबराने काकांचे दोन्ही हात धरले. "तुमच्या भावाचं फार वाईट झालं हो."

"कुठल्या भावाचं?" काका म्हणाले. पण तोवर तेयेने त्यांना कोपराला धरून कांद्यांच्या गल्लीत वळवलं होतं.

संध्याकाळी जेवताना त्याने सगळं कबूल केलं. आयेलेने कपाळावर हात मारून घेतला. "उद्या तीस माणसं येणार, मयत माणूस खुर्चीत बसून मक्याची केंकी खाणार, आणि परवा तुझी नोकरी जाणार!"

काका मात्र मासळीचा काटा काढत राहिले. काटा काढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मी मेलो कशाने?"

"अं? अल्पशा आजाराने."

"अल्पशा?" काकांनी ताट बाजूला सारलं. "मी अल्पशा आजाराने मरेन? अरे, मला साप चावला तर साप आजारी पडला होता! काहीतरी बरं सांगायचं होतंस. वादळ. मगर. अल्पसा आजार! ओकान्सेला कळलं तर मी तोंड कुठं दाखवू?"

"चुकलं काका."

"चुकलं ते चुकलं. येणार किती म्हणालास? तीस? बसने?" ते क्षणभर थांबले. "ओकान्सेच्या बायकोच्या आठव्याला बावीसच होते."

गुरुवारी आंटी लामिलेंनी खुर्च्या दिल्या आणि शिंप्याने ताडपत्री बांधली. खोटं कुणालाच पटलेलं नव्हतं, पण खुर्च्या कमी पडल्या असत्या तर अब्रू अख्ख्या अंगणाची गेली असती. दहाला बस आली. काळ्या-लाल कपड्यांतले तीस जण उतरले, पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणि श्नॅप्स दारूची बाटली घेऊन. तेयेला वाटलं, आता भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण अंगण फरशीचं होतं.

काका आयेलेच्या काळ्या चादरीत, थोरल्या भावाच्या मानाच्या खुर्चीत बसले होते. सगळ्यांना पाणी फिरलं. मग त्यांनी घसा साफ करून विचारलं, "इकडे सगळं ठीक आहे. आपलं येणं कशासाठी?"

देबरा उठून म्हणाला, "आमच्या कबुतेचे काका गेल्याचं ऐकलं, म्हणून डोळे पुसायला आलो."

"फार बरं केलंत," काका म्हणाले. "माझा भाऊ मोठा माणूस होता. देखणा होता. शेवटपर्यंत सगळे दात शाबूत होते, एक सोडून." आणि समोरचा एक दात नसलेलं तोंड त्यांनी चटकन मिटलं.

मॅडम ओडुरो उघड्या दारातून आतल्या भिंतीकडे बघत होत्या. तिथे गावाकडे झालेल्या तेयेच्या लग्नातला काकांचा फोटो टांगलेला होता. तो काढायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मॅडमनी फोटोकडे पाहिलं, मग चष्म्याच्या वरून खुर्चीकडे पाहिलं.

"भाऊ-भाऊ फारच सारखे दिसता."

"आमच्या घराण्यातला दोषच आहे तो," काका म्हणाले.

"असं होय," मॅडम म्हणाल्या. "कबुते, काकांबद्दल चार शब्द बोला. आम्हाला कळू दे, कोण गेलं ते."

तेये उभा राहिला. "माझे काका... मेहनती होते. मीठ, टोमॅटो..."

"डुकरं," काकांनी खुर्चीतून सुचवलं.

"डुकरं." तो अडला. समोर तीस चेहरे, वरून मॅडमचा चष्मा, आणि शेजारी ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस कान टवकारून बसलेला. आणि मग सोमवारी मिस्त्रींच्या दुकानात जे सुचलं नव्हतं ते आता तोंडातून येऊ लागलं, त्याला न विचारताच.

"मी सात वर्षांचा असताना वडील गेले. काकांनी मला डोंगरावरच्या बोर्डिंगात घातलं. तुम्ही सगळे बोर्डिंगात होतात, खाऊची लाकडी पेटी काय असते तुम्हाला माहितीय. गारीचा रवा, साखर, सुकट, मिरचीची चटणी. भरली की दोघांना उचलत नाही. आमची गाडी डोंगराखालीच थांबायची. बाकीच्या मुलांचे वडील हमाल करायचे. काका पेटी डोक्यावर घ्यायचे आणि चढायचे. दर सत्राला, सहा वर्षं. वाटेत एकदाही खाली ठेवायचे नाहीत, म्हणायचे, खाली ठेवली तर परत उचलवणार नाही. फाटकाशी माझ्या हातात किल्ली द्यायचे आणि सांगायचे, रडायचं नाही. जेवण बेचव लागलं तर पेटी उघड. माणसं बेचव लागली तरी पेटी उघड." तेयेने मनगटावरची फीत चाचपली. "पेटीत काय काय होतं ते घालायला त्यांनी काय काय विकलं, ते मी कधी विचारलं नाही. आणि थँक्यूसुद्धा म्हटलं नाही कधी. आता म्हणतो."

तो मटकन खाली बसला. देबरा ढसाढसा रडत होता. आंटी लामिले पदराने डोळे पुसत होत्या, आणि त्यांना तर सगळं ठाऊक होतं. काका मान खाली घालून चादरीचं टोक चुरगाळत बसले होते.

शेवटी मॅडमनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "अंत्यविधीची तारीख?"

"घरात एकमत नाही," काका म्हणाले. आवाज अजून ओला होता. "मुख्य म्हणजे त्याचंच."

"घाई नाही," मॅडम म्हणाल्या. बसकडे जाताना त्यांनी तेयेला बाजूला घेतलं. "सोमवारी आठला टेबलावर. आणि ऐक, एका काकाची एकच रजा. ती तू वापरलीस. पुढे खरंच वेळ आली तर रजा मिळणार नाही." तेयेने मान खाली घातली. मॅडमनी चष्मा नीट केला. "पण सांग मात्र. बस आणीन."

शुक्रवारी सकाळी काका एकटेच जोडे घालून तयार बसले होते. मिस्त्रींच्या दुकानात गेल्यावर त्यांनी विमान, ट्रोट्रो, पूल कशाचंच नाव काढलं नाही. म्हणाले, "साधी खाऊची पेटी. बोर्डिंगात नेतात तसली. माझ्या मापाची. कडी-कुलूप पाहिजे."

मिस्त्रींचा चेहरा पडला. "आजोबा, पेटीच्या आकाराची पेटी? माझ्या बापाने सिंह केलेत!"

"उद्या सकाळी मिळेल का?"

"मिळेल. त्यात काय, फळ्याच तर ठोकायच्या." मग त्यांनी उसासा टाकून ब्रश घेतला. "नाव टाकू झाकणावर? मुलांच्या पेटीवर असतं तसं?"

"टाका. नार्ते कबुते. आणि खाली, वर्ष पहिलं."

तेये बाहेर जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. भुशाचं निमित्त सांगायला सुताराचं दुकान फार सोयीचं असतं.

शनिवारी पेटी ट्रोट्रोच्या टपावर चढली. आत आयेलेने गारी, साखर, सुकट आणि बरणीभर चटणी भरली होती. रिकामी न्यायची नाही असा आंटी लामिलेंचा हुकूम होता. गावापर्यंत पोचवायला तेये बरोबर निघाला, पांढऱ्या शर्टात. नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवली. परवाना नव्हता, कागद नव्हता, सांगायला धड काही नव्हतं.

पोलिसाने पायरीवर चढून टपावर पाहिलं. झाकणावरची अक्षरं वाचली. "केवढी ही खाऊची पेटी! मुलगा आहे की राक्षस?"

"उंच आहे जरा," पुढच्या सीटवरून काका म्हणाले.

"कुठल्या शाळेत चाललाय?"

तेयेने डोळे मिटून घेतले.

"अजून प्रवेश मिळालेला नाही," काका म्हणाले. "आम्ही आपली पेटी तेवढी तयार ठेवलीय." आणि खिशातून किल्ली काढून त्यांनी मागे हात केला, न बघताच, आणि ती तेयेच्या हातात ठेवली.